सिंकमधल्या साली

सिंकमधलं पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायला लागलं, तेव्हा वासुदेवकाका बाहेरच्या खोलीत चहा पीत बसले होते. मी आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. त्या दिवशी घरात काही म्हणजे काही बिघडलेलं मला चालणार नव्हतं. काका सकाळच्या गाडीनं काटोलहून आले होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांच्या शेवटच्या तपासण्या होत्या. त्या पार पडल्या की ते माझ्या बाबांना, म्हणजे आपल्या थोरल्या भावाला, स्वतःची एक किडनी देणार होते.

मी सिंकखालच्या कपाटात हात घालून मशीनचं बटण दाबलं. ते नुसतं हुं हुं करत राहिलं आणि सिंकमध्ये भाताच्या पाण्यावर कसलेतरी तुकडे तरंगायला लागले.

“आई, काय टाकलंस यात?”

“मी कायले काय टाकू?” आई म्हणाली. ती ओट्याशी मेथी निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण भाजी निवडताना ती तशीही कोणाकडे पाहत नसे.

नागपूरच्या मनीषनगरात आम्ही नुकताच तो फ्लॅट घेतला होता. बिल्डरनं प्रत्येक सिंकखाली उष्टं-खरकटं दळून पाण्यावाटे सोडणारं मशीन बसवून दिलं होतं, आणि ते तो असं मिरवायचा की जणू सोन्याचा नळ बसवलाय. बाबा त्याला राक्षस म्हणायचे. ते एसटीत ट्रॅफिक कंट्रोलर होते. जन्मभर माइकवरून गाड्या पुकारल्यामुळे साधं “पाणी दे” म्हणायचे तेही फलाटावर ऐकू जावं असं. पण डायलिसिस सुरू झाल्यावर त्या आवाजातली हवा गेली. काटोलहून आठवड्यातून तीनदा नागपूरला येणं झेपेना, म्हणून मी दोघांना माझ्याकडे घेऊन आले.

आणि घरात पोलिसराज आणलं. मी शाळेत पर्यवेक्षिका होते. परीक्षेच्या वर्गात कोणाच्या बाहीत चिठ्ठी आहे ते मला दारातून कळायचं, असं पोरं म्हणत. तीच नजर मी घरात लावली. किडनी बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठत जातं आणि फार वाढलं की हृदय उभ्याउभ्या थांबतं, हे डॉक्टर मुंधडांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. केळं नको, नारळपाणी नको, आणि संत्रं तर अजिबात नको. “काटोलच्या माणसाला हे सांगणं पाप आहे,” ते म्हणाले होते, “पण तुमच्यासाठी ते विष आहे, दिगांबरराव.” सुरुवातीला बाबांनी एकदा गॅलरीत लपून पेरू खाल्ला होता. बिया दातात अडकल्या म्हणून सापडले. तेव्हापासून मी शाळेतून आले की चपला काढायच्या आधी कचऱ्याचा डबा पाहायची. आई हसायची, “चोर सापडला का व?” म्हणायची.

संत्री घरात येतच नव्हती. आईनं तर ती सोडूनच दिली होती. बाबांचं दुखणं कळल्यावर ती काटोलच्या भजनी मंडळातल्या बायकांबरोबर काशीला जाऊन आली. काशीला गेलं की आवडतं एक फळ कायमचं सोडायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. बायका सहसा कारलं नाही तर फणस सोडून मोकळ्या होतात. आईनं गंगेत उभं राहून संत्रं सोडलं. “हे बरे व्हावे,” म्हणाली आणि बाहेर आली. सोबत काकूही होती, म्हणजे वासुदेवकाकांची बायको. तिनं गावात आल्यावर घरोघर सांगितलं, त्यामुळे आईचा नेम अख्ख्या भावकीला तोंडपाठ झाला.

एवढं सगळं करूनही मागच्या आठवड्यात बाबांचं पोटॅशियम इतकं वाढलं की त्यांना रात्रभर दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर चिडले. “घरात कोण देतंय यांना फळं?” त्यांनी विचारलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की मी काही खाल्लं नाही. मी विश्वास ठेवला. म्हणजे ठेवायचं ठरवलं, आणि कचऱ्याचा डबा सकाळीही पाहायला लागले.

आता काकांची गोष्ट. आईला साखर होती आणि माझा रक्तगट जुळत नव्हता, म्हणून किडनीसाठी सख्खा भाऊ एवढाच आधार उरला होता. काका काटोलात पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं, वाइंडिंगचं, दुकान चालवायचे. गळ्यात माळ, कपाळावर बुक्का. खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाची मोटर ते दुरुस्त न करता परत पाठवायचे. “पाण्यात पडली का?” विचारल्यावर जो नाही म्हणायचा आणि आत चिखल निघायचा, त्याला दुकानाची पायरी बंद. घरातून विरोध असतानाही ते किडनी द्यायला तयार झाले ते एका अटीवर. “दादानं जीभ आवरली पायजे,” त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं. “मी बाकी काही मागत नाही.” मागच्या आठवड्यातल्या रात्रीचं मी त्यांना कळवलं होतं, शपथेसकट. ते म्हणाले, “दादा शपथ घेते तं खरी असंल.”

म्हणून त्या सकाळी मला स्वयंपाकघरात साधं पातेलंसुद्धा पडलेलं नको होतं.

मी पुन्हा बटण दाबलं. हुं हुं. पुन्हा दाबलं. एवढ्यात दार उघडून काका आत आले.

“बंद कर, बंद कर. मोटर गुंगून राहिली. वाइंडिंग जळंल.”

“काही नाही काका, नेहमीचंच आहे. प्लंबरला बोलावते मी.”

“प्लंबर काय करंल मोटारीत?” त्यांनी बाह्या वर सारल्या. “मेन स्विच कुठी हाय?”

“राहू द्या ना भाऊजी,” आई मध्येच म्हणाली. तिचा आवाज एरवीपेक्षा चढा होता. “पाहुणे होऊन आले न् घाणीत हात घालता. बसा तुमी बाहेर. मी पोहे टाकतो.”

“वहिनी, जन्मभर ग्रीसमध्येच हात हाय माहे.”

“अहो पण उद्या दवाखान्यात जायचं हाय तुमाले. हाताले काही लागलं-बिगलं तं?”

मलाही ते पटलं. पण बंद पडलेली मोटर पाहिल्यावर काकांना थांबवणं म्हणजे लग्नात बँडवाल्याला थांबवणं. त्यांनी मेन बंद केला, मांडी घालून खाली बसले, डोकं कपाटात घातलं. मशीनच्या बुडाशी एक भोक होतं, त्यात त्यांनी षट्कोनी चावी घालून फिरवून पाहिली. अर्धा फेरा गेली आणि अडली.

“आत काही तरी गुंडाळलं हाय,” ते आतून म्हणाले. “पाइपबी भरला. बादली दे.”

मी बादली दिली. आई मेथीच्या काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकत होती. मी पाहिलं, पण ध्यानात घेतलं नाही. माझं लक्ष घड्याळाकडे आणि काकांच्या बोटांकडे होतं. त्यांना कुठे खरचटलं तर उद्या डॉक्टर काय म्हणतील, हेच डोक्यात घोळत होतं.

पाइप सुटला आणि भसकन पाणी बादलीत आलं. आधी काळपट लगदा, मग भाताची शितं, मग दोऱ्यासारखे पांढरे धागे. काकांनी पक्कडीनं ओढायला सुरुवात केली. एक ओढलं की मागून दुसरं येत होतं. आणि मग वास आला.

नागपूरच्या माणसाला तो वास ओळखायला पाहावं लागत नाही. काकांनी हात बाहेर काढला. मुठीत साली होत्या. पिवळ्या पडलेल्या, चिंध्या झालेल्या आणि काही अगदी ताज्या, केशरी, टाकून दिवसही झाला नसेल अशा. त्यांनी त्या बादलीच्या काठावर ठेवल्या, पुन्हा हात घातला, पुन्हा मूठ भरून काढल्या.



“हे काय हाय?” काकांनी विचारलं. त्यांनी कोणाचंच नाव घेतलं नाही.

मी दर दोन दिवसांनी त्या मशीनमध्ये लिंबाची एक फोड टाकायची, वास मारू नये म्हणून. त्यामुळे घरात कायमच थोडा आंबूस-गोड वास असायचा आणि त्या वासाखाली हे सगळं चाललं होतं. कचऱ्याचा डबा मी रोज तपासत होते आणि चोर नळ सोडून मोकळा होत होता. मला स्वतःचाच राग आला.

बाबा दारात येऊन उभे होते. वासानंच उठून आले असावेत. त्यांनी बादलीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आई ओट्याला पाठ टेकून उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून.

“दादा?” काका म्हणाले.

“मी खाल्ली,” बाबा म्हणाले.

“बाबा!”

“हो. मीच खाल्ली. दुपारी ही झोपते ना, तवा खाल्ली. खालून वॉचमनकडून मागवली.”

“माझ्या डोक्यावर हात ठेवला होता तुम्ही.” माझा आवाज फाटला. “माझ्या डोक्यावर.”

“सुटत नाही बाई जीभ,” बाबा म्हणाले आणि त्यांनी खाली पाहिलं.

अर्धं काम टाकून उठणारे काका नव्हते. त्यांनी पाइप साफ केला, पुन्हा बसवला, आटे पक्के आवळले, चावीनं मोटर मोकळी फिरते का पाहिलं, मेन चालू केला. मग न्हाणीघरात जाऊन साबणानं हात धुतले. खूप वेळ धुतले. मी दारापाशी उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत होते आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळेना.

ते बाहेर आले, खुंटीवरची पिशवी काढली आणि खांद्याला अडकवली.

“काटोलची दुपारची गाडी किती वाजता हाय व पोरी?”

“काका, असं नका ना करू.”

“मी काही करून नाही राहिलो.” त्यांचा आवाज शांत होता, तेच जास्त लागलं. “माझी बायको चार दिवस जेवली नाही. दोन्ही पोरं माझ्यासंगं बोलत नाही. साऱ्यायले मी एकच सांगितलं, माहा दादा पथ्य पाळते. शपथ घेतली त्यानं. किडनी म्हणजे का दुकानातली मोटर हाय, जळली का दुसरी बसवली? मी एक देईन, हा ती बी संत्र्यापायी जाळंल. मंग मी कोणाले तोंड दाखवू?”

“बाबा एकदा चुकले, काका. पुन्हा नाही होणार.”

“एकदा?” त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. “बादली भरली हाय.”

मी खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. नवऱ्याला फोन लावला, तो बिलासपूरला साइटवर होता, लागला नाही. डॉक्टरांना लावला आणि पहिली रिंग वाजताच बंद केला, कारण काय सांगणार होते? बाबा सोफ्यावर बसले होते. त्यांच्यावर ओरडावं असं वाटत होतं, आणि त्यांच्या त्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं की ओरडवत नव्हतं. स्वयंपाकघरात आई ओटा पुसत होती. एकच जागा, गोल गोल.

“आई, पुसू नकोस ना गं ते!” मी खेकसले.

तिनं फडकं ठेवलं. पिळून, नीट घडी करून ठेवलं. मग बाहेर आली आणि काकांसमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला.

“भाऊजी, यायनं नाही खाल्ली. मी खाल्ली.”

“तू गप बस,” बाबा म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा फलाटावरचा आवाज ऐकला आम्ही.

“वहिनी, काहून पाप घेता डोक्यावर?” काका म्हणाले. “तुमी काशीले सोडली संत्री. माही बायको होती तुमच्या बाजूला पाण्यात उभी.”

“हो, होती. मी सोडली,” आई म्हणाली, “आणि मी खाल्ली.”

“खोटं बोलून राहिली ती, वासू. मले वाचवासाठी.”

“मी नाही खोटं बोलत. देवाच्यान.”

“देवाले कायले मधात आणते?”

काका एकदा यांच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होते. मीही पाहत होते. परीक्षेच्या वर्गात माझ्यापुढे असा प्रसंग कधी आला नव्हता. तिथे चिठ्ठी सापडली की सगळे ‘माझी नाही’ म्हणतात. इथे दोघं एका चिठ्ठीवरून भांडत होते. आणि मला खरं सांगायचं तर आईचंच खोटं वाटलं. ती असंच करणारी बाई होती. आमच्या लहानपणी बरणी फुटली तरी ‘माझ्याच हातून’ म्हणायची.

काकांनी पिशवी खांद्यावरून काढली नाही, पण ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“दादा, इकडे ये.”

बाबा उठले. भिंतीला धरून आत गेले.

“हे मशीन चालू कर.”

“आं?”

“साली तू टाकल्या ना यात? दळल्या ना? मंग चालू करून दाखव मले.”

बाबांनी ओट्याकडे असं पाहिलं, जसं अनोळखी डेपोत उतरल्यावर माणूस पाहतो. जन्मात त्यांनी स्वतःचा चहा केला नव्हता. भिंतीवर बटणांची रांग होती. त्यांनी पहिलं दाबलं. वरची चिमणी घोंघों करत सुरू झाली. ती त्यांनी बंद केली आणि दुसरं दाबलं. पाण्याच्या फिल्टरचा दिवा लागला. तिसरं दाबलं, ते मिक्सरचं होतं, काही झालं नाही. चौथ्यावर बोट ठेवून ते थांबले. ते बटण तर बाहेरच्या दिव्याचं होतं.

काका दारातून पाहत होते. मीही.

आईला ते पाहवेना. ती पुढे झाली, आधी नळ सोडला, मग खाली वाकून न पाहता कपाटात हात घातला, आणि मशीन घरघरत सुरू झालं. मोकळं, छान, नव्यासारखं.

“आधी पाणी सोडा लागते,” ती म्हणाली. “नाही तं अटकते.”

तिनं बटण बंद केलं. नळ बंद केला. आणि तिथेच खाली फरशीवर बसली.

काकांनी पिशवी ओट्यावर ठेवली. “मंग तू काहून बोलला रे दादा? मी निघालो होतो. गाडीत बसलो असतो तं परत आलो नसतो, ठाऊक हाय ना तुले?”

“ठाऊक हाय.”

“मंग?”

बाबा स्टुलावर टेकले. त्यांना दम लागला होता. ते आईकडे पाहत नव्हते, बादलीकडे पाहत होते.

“डायलिसिस करून येतो ना मी, तवा ही मले हाताले धरून खाटेवर बसवते,” ते म्हणाले. “हिच्या हाताले वास येते.”

आईनं झटकन मान वर केली. “तुमाले माहीत होतं?”

“काटोलचा हाय मी. साबणानं जाते का तो वास?” ते जरासे हसले. “मी म्हटलं, जाऊ दे. घरात कोणी तरी खाऊन राहिलं. मले बरं वाटे.”

“आणि सांगितलं नाही.”

“सांगून काय करतो? तू खाणं बंद केलं असतं.”

“पण बाबा,” मी म्हटलं, “किडनी जात होती हातची. खरं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेरू पकडला होता तेव्हा जसं पाहिलं होतं तसं नव्हे. मी काहीतरी अगदी बाळबोध विचारलं असावं, असं.

“हिनं माझ्यासाठी सोडलं होतं व बाई. अख्ख्या गावाले माहीत हाय. मी उद्या गेलो, तं लोक काय म्हणतील? हिनं नेम मोडला म्हणून नवरा मेला. वासू, तुहीच बायको पहिले म्हणंल. मी तं सुटलो. ही कशी जगंल मंग?” त्यांनी श्वास घेतला. “माही जीभ सुटली म्हटलं, तं सारं माझ्यासंगं जळून जाईल. संपलं.”

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं बायकोला कौतुकाचा एक शब्द म्हटलेला मी ऐकला नव्हता. भाजीत मीठ कमी पडलं की मात्र ताटावरून पुकारा करायचे.

“तसंच तं हाय पण,” आई खालून म्हणाली. “लोक कशाले म्हणतील, मीच म्हणतो ना. मी खाल्लं अन् यायचं पोटॅशियम वाढलं. त्या रात्री दवाखान्यात बाकावर बसून मी गंगामाईले म्हटलं, मले ने, यायले सोड.”

“आई, असं काही नसतं गं. तू खाल्लेल्या संत्र्यानं यांचं रक्त कसं बिघडेल?”

“तू शिकलेली हाय. मंग सांग ना, कशानं वाढलं? यायनं तं नाही खाल्लं.”

कशानं वाढलं, हे मलाही कळत नव्हतं. खाल्लं नव्हतं, पथ्य पाळलं होतं, एकही डायलिसिस चुकलं नव्हतं. तरी वाढलं होतं. सगळ्या शहाणपणाचं माझ्याजवळ एवढंच शिल्लक राहिलं.

“काहून खाल्ली वहिनी?” काकांनी विचारलं. रागानं नाही, मोटर का बंद पडली ते विचारावं तसं.

आईनं फरशीवर पडलेलं मेथीचं एक पान उचललं.

“हे डायलिसिसच्या मशीनवर असते, तवा घर खायले उठते. गेटवर ठेला उभा राहते. पयल्या दिवशी नुसती हातात घेतली. मंग खाल्ली. भेव वाटे तवा मी खाओ, भाऊजी. अन् खाल्लं का आणखी भेव वाटे.”

काकांनी बादली उचलली, साली एका जुन्या पेपरात गुंडाळल्या आणि स्वतः खाली नेऊन टाकून आले. जिना चढून आल्यावर म्हणाले, “पोहे टाकणार होत्या ना वहिनी?” आईनं पोहे टाकले. आम्ही चौघांनी खाल्ले. त्या पोह्यांत मीठ नव्हतं आणि बाबा काही बोलले नाहीत. दुपारची गाडी निघून गेली. काका भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ते थांबले होते, पण उद्याचं काय, हे विचारायची माझी छाती होत नव्हती. संध्याकाळभर मी या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत होते. कपड्यांच्या घड्या केल्या, मोडल्या, पुन्हा केल्या.

सकाळी उठून पाहते तर काका अंघोळ करून, बुक्का लावून, चपला घालून दारात उभे. कुठे जायला निघाले होते, ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्या कारमध्ये मात्र माझ्या शेजारी पुढच्या सीटवर येऊन बसले.

दवाखान्यात डॉक्टर मुंधडांनी आधी बाबांना घेतलं. डायलिसिससाठी त्यांच्या डाव्या हातावर शस्त्रक्रिया करून एक नस मोठी केलेली होती. तिच्यातूनच रक्त मशीनमध्ये जायचं. डॉक्टरांनी त्या नसेवर बोटं ठेवली, मग नळी लावून ऐकलं. पुन्हा ऐकलं. त्यांची भुवई वर गेली. त्यांनी तिथल्या तिथे सोनोग्राफी करायला लावली आणि कागद हातात घेऊन परत आले.

“दिगांबरराव, मागच्या वेळी मी उगाच रागावलो तुमच्यावर,” ते म्हणाले. “तुमच्या खाण्याचा काही दोष नाही. ही नस आतून अरुंद झालीय. रक्त पुरतं मशीनपर्यंत पोचतच नव्हतं, तर साफ कुठून होणार? पोटॅशियम त्यानंच वाढलं. फुगा घालून मोकळी करू, तासाभराचं काम आहे.”

आई माझ्या मागे उभी होती. माझा दंड तिनं इतका घट्ट धरला की नखं रुतली.

“म्हणजे संत्र्यानं नाही?” तिनं विचारलं.

मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. डॉक्टरांची मान वर आली. चष्म्यातून त्यांनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

“संत्रं? घरात कोण खातंय संत्री?”

बाबांनी तोंड उघडलं. मीही काहीतरी बोलणार होते. काय, ते आज आठवत नाही, काहीतरी शाळेतलंच असेल. आमच्या दोघांच्याही आधी काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घसा साफ केला. खोटं बोलणाऱ्याची मोटर ज्यांनी कधी दुकानात ठेवून घेतली नाही, ते वासुदेवकाका.

“मी,” ते म्हणाले. “मी खातो, डॉक्टरसाहेब.”

आईच्या हाताची पकड सुटली.

“तुम्ही खा हो. किडनी देणारे तुम्ही, तुम्हाला काय धाड भरलीय,” डॉक्टर म्हणाले. “फक्त यांच्यासमोर खात जाऊ नका.”

“समोर नाही खात,” काका म्हणाले. “लपून खातो.”